छापील कॅलरी

दुकानातल्या फ्रीजचं दार उघडं धरून माणूस किती वेळ उभा राहू शकतो, याचा नाशिकरोडपुरता विक्रम आमच्या आप्पांच्या नावावर आहे. डाव्या हातात दह्याची एक डबी, उजव्या हातात दुसरी, डोळ्याला भिंग आणि दार अडवायला गुडघा. मागे दुधाच्या पिशवीसाठी थांबलेली चार-पाच माणसं. गल्ल्यावरून शेठ ओरडतो, "आप्पा, दार लावा हो, आइस्क्रीमचं सरबत व्हायला लागलं!" आप्पांच्या कानापर्यंत ते पोचत नाही. ते वाचत असतात.

"ही १०० ग्रॅमला ६४," ते पुटपुटतात. "आणि ही डबीला ५४. पण डबी आहे ८५ ग्रॅमची. म्हणजे शंभरला किती? सांग रे."

हे 'सांग रे' रांगेतल्या सगळ्यात जवळच्या माणसाला असतं. त्या दिवशी तो मी होतो. मी मोबाइल काढेपर्यंत आप्पांनीच उत्तर देऊन टाकलं, "साडेत्रेसष्ट! बघ, अर्धी कॅलरी वाचली."

वाचलेली अर्धी कॅलरी घेऊन ते गल्ल्याशी आले. डबी ठेवली आणि म्हणाले, "शेठ, अर्धा किलो शेव द्या. तिखट. आणि त्या बरणीतली खारी बुंदी पाव किलो."

मी न राहवून विचारलं, "आप्पा, हिच्या कॅलरी?"

आप्पांनी शेवेची पुडी उलटसुलट करून नीट पाहिली आणि निर्विकार चेहऱ्याने सांगितलं, "हिच्यावर काही छापलेलं नाही."

या एका वाक्यात आख्खे आप्पा आले. पुढे मी लिहितोय तो नुसता तपशील.

नाशिकरोडला कोणी "मी प्रेसमध्ये होतो" म्हणाला, तर तो पत्रकार असेल असं इथलं शेंबडं पोरही समजत नाही. इथे प्रेस म्हणजे नोटांची. करन्सी नोट प्रेस १९२८ साली सुरू झाली. टपालाची तिकिटं आणि स्टँपपेपर छापणारी सिक्युरिटी प्रेस त्याच्याही थोडी आधीची. या दोन प्रेसच्या पगारावर इथल्या कित्येक पिढ्यांचे संसार उभे राहिले. आप्पा तिथे ३३ वर्षं तपासणीत होते. छापलेला ताव समोर यायचा आणि आप्पा बघायचे. शाई फुटली का, आकडा सरकला का, रेघ तुटली का, कड कमी पडली का. चुकलेला ताव बाजूला, बरोबर ताव पुढे. रोज लाखो रुपये बोटांखालून जायचे आणि संध्याकाळी आप्पा सिटी बसच्या सुट्या पैशांसाठी कंडक्टरशी हुज्जत घालायचे.

निवृत्तीच्या दिवशी टेबल गेलं, नजर घरी आली. तेव्हापासून त्यांच्या हातात छापलेलं काहीही पडलं की ते आधी तपासलं जातं, मग वाचलं जातं. माझी लग्नपत्रिका पाहून ते वडिलांना म्हणाले होते, "मुलगी चांगली आहे, घराणं चांगलं आहे, पण पत्रिकेची डावी कड दोन मिलिमीटरने कमी आहे, बघून घ्या." मुक्तिधामला गेले की भिंतींवरच्या गीतेच्या १८ अध्यायांतले अनुस्वार तपासतात आणि मग हात जोडतात. त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात. एक छापलेल्या, आणि दुसऱ्या अफवा.

एवढा माणूस वजनाच्या फेऱ्यात सापडला तो जिन्यामुळे. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर बेल वाजवायची की आधी श्वास घ्यायचा, असा प्रश्न त्यांना पडू लागला. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं. काटा म्हणाला, ८६. डॉक्टर म्हणाले, दहा किलो कमी करा. आप्पा म्हणाले, "हा आकडा मला मान्य नाही."

"म्हणजे?"

"नुसता दिसला. तुम्ही उतरा म्हणालात, मी उतरलो, तो गेला. छापून कुठे आला?"

आणि त्यांनी पाकिटातून एक जाड पुठ्ठ्याचं तिकीट काढलं. पूर्वी रेल्वे स्टेशनवर वजनाची मोठी यंत्रं असत. लाल-पिवळे दिवे लुकलुकत, नाणं टाकलं की खाडकन तिकीट पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आप्पांचं तिकीट नाशिकरोड स्टेशनवरचं, लग्नाच्या वर्षातलं. मागे पेनने १९८३ घातलेलं. वजन ५८ किलो. भविष्याच्या बाजूला भाग्योदय लवकरच होणार असल्याचं म्हटलं होतं, आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या मते तो त्याच वर्षी झाला होता, फक्त यांच्या लक्षात आला नाही. "छापील पुरावा म्हणाल," आप्पा डॉक्टरांना म्हणाले, "तर माझं वजन आजही ५८ आहे." डॉक्टरांनी तिकीट पाहिलं, आप्पांचं पोट पाहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तरीही जिना होताच. आप्पांनी वजन उतरवायचं ठरवलं.

आता आख्ख्या महाराष्ट्राच्या डॉक्टरांना पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. पण वजनाचा सल्ला घ्यायला नाशिककर तिकडे फिरकत नाही. तो सकाळी फिरायला निघतो. फिरणाऱ्यांत दोन पक्ष होते. पाच-सात वर्षांपूर्वी मराठी घराघरात जी फाळणी झाली होती, तिची ही शाखा. एक पक्ष डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून आलेली ही पद्धत: दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. घरचं खा, हंगामातलं खा, तुपाला घाबरू नका, थोडं थोडं खा. दोन्ही पक्षांचे लोक एकाच बाकावर बसत, पण एकमेकांच्या डब्यात डोकावत नसत.

आप्पांनी दोन्ही बाजूंची पुस्तकं विकत आणली. भिंग लावून वाचली. छपाई दोन्हीकडे उत्तम. इथे त्यांच्यापुढे आयुष्यात प्रथमच पेच आला. दोन नोटांवर एकच नंबर आला, तर एक खोटी असते. पण दोन छापील पुस्तकं परस्परविरोधी बोलत असतील तर? आठवडाभर ते अस्वस्थ होते. दीक्षितांची ५५ मिनिटं त्यांना मनापासून आवडली. आजवर ते वीस मिनिटांत जेवत. उरलेल्या पस्तीस मिनिटांचा हक्क आपल्याला माहीतच नव्हता, अशी त्यांची भावना झाली. दिवेकरांचं तूपही आवडलं. शेवटी त्यांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून दोन्हींत बसणारा पदार्थ शोधायला घेतला, आणि तो सापडला. एकीकडे दोन जेवणांच्या मध्ये पातळ ताक चालत होतं, दुसरीकडे घरच्या दह्याचं कौतुक होतं.

"दही!" आप्पांनी मला रात्री साडेदहाला फोन करून सांगितलं. "दोन्हीकडून पास झालंय."

तिथून आप्पा दह्याचे झाले.

पण आप्पांचं दही म्हणजे खायची वस्तू नव्हती, वाचायची होती. त्यांच्याबरोबर फ्रीजपुढे उभं राहून मी जे शिकलो, ते कॉलेजात शिकलो नव्हतो. "नाव वाचू नकोस," ते म्हणत, "नाव पुढून असतं. डबी मागून वाचायची." एक ब्लूबेरीचं योगर्ट होतं. पुढे निळ्या फळांचा एवढा मोठा ढीग. मागे घटकांची यादी: दूध, मग साखर, मग फळ. "घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, हा कायदा आहे," आप्पा म्हणाले. "म्हणजे फळापेक्षा साखर जास्त. चित्र कोणाचं आणि माल कोणाचा!" 'साखर मिसळलेली नाही' अशी एक डबी होती, तिच्यात साखरेपुढे साडेचार ग्रॅम. मी म्हटलं, पकडली चोरी. आप्पा हसले. "ती दुधाची स्वतःची साखर. लॅक्टोज. गाईने घातलेली. तिला कोण विचारणार?" एक डबी 'दर सर्व्हिंग' कॅलरी छापायची आणि सर्व्हिंग किती, तर बारीक अक्षरात अर्धी डबी. "अर्धी डबी खाऊन झाकण लावणारा माणूस," आप्पा म्हणाले, "फ्रीजशी कशाला येईल? तो बारीकच असणार."

शिवाय त्यांनी कायदा काढला. 'लो फॅट' छापायचं तर १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्धांश चालत नाही. 'फॅट फ्री'ला अर्ध्या ग्रॅमच्या वर चालत नाही. आणि 'लो कॅलरी' म्हणायचं तर १०० ग्रॅमला ४०, त्यापुढे एकही नाही. हा ४० चा आकडा आप्पांच्या डोक्यात गेला तो गेलाच. मग त्यांनी माझ्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर दुधाचं गणित मांडलं. एक ग्रॅम स्निग्धांशाच्या ९ कॅलरी, प्रथिनांच्या नि साखरेच्या ४. फुल क्रीम दुधात स्निग्धांश ६ टक्के. त्याचं दही ८७ च्या आसपास. टोन्ड दुधात ३ टक्के. दही साधारण ५९. डबल टोन्डमध्ये दीड टक्का, दही ४७. आणि साय पार काढून घेतलेल्या स्किम्ड दुधाचं, ३७-३८.

"म्हणजे पास एकच," आप्पा म्हणाले.

पास झालेलं ते दही त्यांनी आणलं. मीही चमचाभर खाल्लं. ताक व्हायची वाट बघत बसलेल्या पाण्यासारखं ते लागलं. आप्पांनी डबी संपवली, लेबल पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, "वाचायला फार छान आहे."

२०२३ च्या मार्चमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने दह्याच्या पाकिटांवर 'दही' हाच शब्द मुख्य म्हणून छापायला सांगितला. तामिळनाडू-कर्नाटकातून ओरड झाली, तेव्हा महिनाअखेरीला 'कर्ड' लिहून कंसात दही, मोसरू, तयिर काहीही चालेल असं ठरलं. तो आठवडा आप्पांनी सणासारखा साजरा केला. "बघ! अख्खं सरकार डबीवरचं वाचतंय. आणि तुम्ही मला हसता." त्यानंतर त्यांनी आठवडाभर जुनी आणि नवी पाकिटं शेजारी ठेवून कुठला कंस कुठे सरकला ते पाहिलं.

या सगळ्यात काकू कुठे होत्या? काकू स्वयंपाकघरात होत्या आणि दही लावत होत्या. गेली चाळीस वर्षं रोज रात्री लावतात तसं.

काकूंचं माहेर जुन्या नाशकातलं, दहीपुलाजवळचं. पावसाळ्यात पाणी वाढलं की बातम्यांत ज्याचं नाव हमखास येतं, तोच दहीपूल. तिथून थोडं पुढे गेलं की दूधबाजार. "आमच्याकडे रस्त्यांची नावंसुद्धा दुधादह्याची," काकू म्हणतात, "आणि हे ग्रीसवरून दही आणतात." कारण मधल्या काळात आप्पांनी ग्रीक योगर्ट आणलं होतं. घट्ट, पांढरं, आणि डबीच्या किमतीत अर्धा लिटर दूध येऊन वर सुटे पैसे उरतील असं. काकूंनी चमचा उभा केला. तो उभा राहिला. त्यांनी जिभेवर थोडं घेतलं, आप्पांकडे पाहिलं आणि विचारलं, "हा चक्का आहे. साखर कुठेय?"

"अगं, ग्रीक योगर्ट आहे. पाणी काढून टाकतात. प्रथिनं जास्त."

"मी काय वेगळं करते? फडक्यात बांधून नळाला लटकवते, सकाळी पाणी गेलेलं असतं. पाडव्याला तुम्ही तीन वाट्या खाता, तेव्हा ग्रीस कुठे असतो?"

आप्पांचा आक्षेप दह्याला नव्हता, काकूंच्या पातेल्याला होता. "तुझ्या पातेल्यावर कॅलरी लिहिलेल्या नाहीत. मी हिशोबात काय धरू?" त्यांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. पिशवीवरून दुधाचा स्निग्धांश घेतला. पण काकू दूध तापवून साय काढतात. किती काढतात? आप्पांनी साय काट्यावर ठेवायला मागितली. काकू म्हणाल्या, "ती तुपासाठी आहे, तपासणीसाठी नाही." आणि काढलेल्यातली थोडी साय पुन्हा विरजणात जाते, ती किती? काकू म्हणाल्या, "मनात येईल तेवढी." 'मनात येईल तेवढी' या मापाचं ग्रॅमात रूपांतर होत नाही. प्रकरण तिथेच बंद झालं. घरचं दही पुन्हा अफवा ठरलं.

थंडीत तर काकूंचं दही हा स्वतंत्र सोहळा असतो. निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली उतरतो, द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात, आणि त्या दिवसांत नाशकात दूध विरजायला तयार नसतं. दह्यातल्या जिवाणूंनाही थंडी वाजते. काकू दूध जरा जास्त कोमट ठेवतात, विरजण चमचाभर जास्त घालतात आणि पातेलं आप्पांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवतात. "यांना कधी एवढं ऊबेत ठेवलं नसेल," असं त्याच सांगतात. सकाळी त्या स्वेटरातून निघालेलं दही सुरीने कापावं असं असतं आणि वर बोटभर साय धरलेली असते. ते दही मी खाल्लंय. आप्पा त्याच टेबलावर बसून ३८ कॅलरीचं पाणी पीत असताना खाल्लंय. त्यांची नजर माझ्या वाटीवर होती. नोटांच्या तावांकडे त्यांनी कधी तसं पाहिलं नसेल.

रविवार मात्र वेगळा. रविवारी सकाळी साडेचार किलोमीटर झाले की मंडळी गाड्या काढून गंगापूर रस्त्याकडे मिसळीला जातात. नाशकात मिसळ म्हणजे आठवड्याच्या कष्टांवरचा अधिकृत परतावा असतो. खोलगट वाटीत मटकीची उसळ, वर शेव-फरसाणाचा डोंगर, बाजूला कांदा, लिंबू, पापड, पाव, आणि रस्सा मागाल तितका. ताटात दह्याची छोटी वाटीही असते. आप्पा बसले की आधी त्या वाटीवर बोट ठेवतात. "हे कुठल्या दुधाचं?"

पोरगा म्हणतो, "म्हशीच्या, काका."

"घेऊन जा."

वाटी जाते. आप्पा पिशवीतून आपली पास झालेली डबी काढतात, भिंगाने एकदा खात्री करून घेतात, झाकण सोलतात आणि तिच्यातला एक चमचा मिसळीच्या डोंगरावर ठेवतात. मग म्हणतात, "रस्सा आण. तर्रीचा. वरचा." दुसऱ्यांदा म्हणतात. तिसऱ्यांदा हात नुसता वर जातो, पोरगा समजतो. पावाची जोडी किती झाली ते मोजायचं नाही, कारण पावावर छापलेलं नसतं. शेवटी जिलेबी आलीच, तर ती त्यांच्या घराण्यात रविवारी मोजायची पद्धत नाही. डबीच्या ३८ कॅलरी मात्र ते तिथल्या तिथे वहीत लिहितात. त्यांच्या वहीतला प्रत्येक रविवार ३८ कॅलरींचा आहे. हे वाचून आहारतज्ज्ञांना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटावी.

असं वर्ष गेलं. वजन ८६ चं साडेसत्त्याऐंशी झालं. आप्पांनी ते मानलं नाही, पण जिन्याने मानलं.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीत नात आली. नववीतली, डोळ्यात आजोबांचीच नजर. आठवडाभर तिने आजोबांचं पाणी आणि आजीचं दही दोन्ही पाहिलं. एका दुपारी आजी-नातीत काहीतरी कुजबुज झाली. आप्पांच्या रिकाम्या डब्या काकू धुऊन ठेवायच्याच. त्यातल्या दहा-बारा गच्चीत कोथिंबिरीला दिल्या होत्या, उरलेल्या कपाटात होत्या. नातीने आईचा लॅपटॉप उघडला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून चकचकीत चिकटकागदावर रंगीत प्रिंट काढून आणली, आणि दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये बारा डब्या ओळीने उभ्या राहिल्या. लेबलावर हिरवा शाकाहारी ठिपका. ऊर्जा ३८. स्निग्धांश ०.४. प्रथिने ३.४. साखर मिसळलेली नाही. बॅच नंबर, वापराची मुदत, आणि खाली १४ आकडी परवाना क्रमांक.

"नवीन कंपनी आहे, आप्पा," नात म्हणाली. "घरपोच देतात."

आप्पांनी डबी उचलली. खिडकीशी गेले. भिंग लावलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. त्या दिवशी मी साखर मागायला गेलो होतो, आणि साखर घेऊनही निघालो नव्हतो. मिनिटभर गेलं. आप्पांनी डबी फिरवून मागून वाचली, पुन्हा पुढून वाचली. मग झाकण काढलं, चमचा घातला, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले.

"पास," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आप्पा रोज दोन डब्या खातात. सकाळच्या जेवणात एक, रात्रीच्या जेवणात एक. लेबलं संपली की नात पुण्याहून कुरिअरने पाठवते. थंडीत डब्या स्वेटरात बसत नाहीत, म्हणून काकूंनी जुन्या शालीची खोळ शिवली. महिन्याभराने दुकानात शेठने मला विचारलं, "आप्पांची तब्येत बरी आहे ना? फ्रीजचं वीजबिल कमी आलंय, म्हणून विचारतो."

आणि इथे एक चमत्कार झाला. आप्पा उतरू लागले. पँटचा पट्टा एक भोक आत गेला, मग दुसरं. तिसऱ्या मजल्यावर पोचून ते आता बेल आधी वाजवतात. मी चक्रावलो. पिशवी फुल क्रीमची, वर काकूंच्या मनात येईल तेवढी साय, आणि वजन कमी? मग एकदा शेठच्या गल्ल्याशी उभा असताना, बरणीतली शेव बघून माझ्या डोक्यात उजेड पडला. आप्पा दुकानात जायचे दह्यासाठी आणि यायचे शेव घेऊन. डबी घरपोच झाली, दुकानाची फेरी बंद झाली; फेरी बंद झाली, शेव बंद झाली. शिवाय पोटभर दही खाल्लेल्या माणसाला चार वाजता बुंदीची आठवण होत नाही. योजना दीक्षितांची की दिवेकरांची, हा वाद फिरणाऱ्यांनी खुशाल घालावा. आप्पांच्या बाबतीत गुण आला तो दहीपुलाच्या योजनेला.

राहवलं नाही. मागच्या रविवारी मिसळीहून परतल्यावर घराकडे चालताना मी विषय काढला. "आप्पा, ती नवीन कंपनी चांगली निघाली, नाही?"

आप्पा चालत राहिले. जेलरोडच्या कडेला एका झाडाखाली थांबले आणि खिशातून घडी घातलेलं एक लेबल काढलं. पहिल्या दिवशीचं. काळजीपूर्वक सोडवून घेतलेलं.

"डावी कड दोन मिलिमीटर कमी," ते म्हणाले. "हिरवा ठिपका चौकोनाच्या मध्यावर नाही. परवाना क्रमांक १४ आकडी आहे, बरोबर. पण त्यातले पहिले १० माझ्या मोबाइलचे आहेत आणि पुढचे ४ माझ्या बायकोच्या जन्माचं साल. आणि सगळ्यात मोठी गोष्ट." त्यांनी लेबलावरच्या आकड्यावर बोट ठेवलं. "३८ कॅलरीच्या दह्यावर कधी बोटभर साय धरते का रे?"

"म्हणजे तुम्हाला पहिल्याच दिवशी...?"

"तेहतीस वर्षं काय मी तिथे हवा खात होतो?"

"मग बोलला का नाहीत?"

आप्पांनी लेबलाची घडी घातली आणि पाकिटात ठेवली, १९८३ च्या त्या वजनाच्या तिकिटाला लागून. "आयुष्यभर बनावट माल बाजूला काढला," ते म्हणाले. "एक चलनात राहू दे. आणि तुझ्या काकूला सांगू नकोस. तिला फार आनंद होतो, मला कळलं नाही म्हणून."

काल संध्याकाळी शेठच्या दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मी त्यांना उभं केलं. आकडा आला, आप्पा उतरले, आकडा गेला. "छापून कुठे आला?" ते म्हणाले.

म्हणून इथे छापून ठेवतो. आप्पांचं वजन ८२ किलो ४०० ग्रॅम आहे.